बेताल हृदय आणि मोजणारा डॉक्टर

मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. वैद्य नाडी पाहतो तेव्हा त्याला नेमके काय काय कळते, यावर पुष्कळ वाद होऊ शकेल. पण नाडी एका लयीत चालली आहे की नाही, एवढे तर तुम्हा-आम्हालाही कळते. निरोगी माणूस स्वस्थ बसला असला म्हणजे मिनिटाला साठ ते शंभर ठोके पडतात आणि दोन ठोक्यांमधले अंतर जवळजवळ सारखे असते. एखाद्याच्या मनगटावर मात्र बोटे टेकली की काही चमत्कारिकच जाणवते. दोन ठोके लागोपाठ येतात, मग जरा मोकळी जागा, मग एक जोरकस ठोका, मग तीन पुसट. शिकाऊ तबलजीचा ताल चुकतो तोही काही एका पद्धतीने चुकतो. इथे चुकण्यालासुद्धा पद्धत नसते.

हा काय प्रकार आहे? हृदयाचे चार कप्पे असतात हे आपण शाळेत शिकलो. वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका म्हणतात, खालच्या दोहोंना जवनिका. उजव्या कर्णिकेच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तिथून विजेची एक बारीक लहर निघते. ती आधी कर्णिकांवर पसरते आणि त्या आकुंचन पावून आपल्यातले रक्त खाली ढकलतात. मग क्षणभर थबकून ती लहर खाली उतरते आणि जवनिका ते रक्त बाहेर फेकतात. उतारवय, रक्तदाब, झडपांचा आजार अशा कारणांनी ही व्यवस्था बिघडते. एका लहरीऐवजी कर्णिकांत अनेक लहरी इकडून तिकडे धावू लागतात, मिनिटाला साडेतीनशेपासून सहाशेपर्यंत. एवढ्या घाईत कर्णिका आकुंचन पावणार कशा? त्या नुसत्या थरथरत राहतात. खालच्या कप्प्यांना यांतले काही इशारे पोचतात, काही पोचत नाहीत, आणि म्हणून नाडी बेताल लागते. डॉक्टर या विकाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. आपण कर्णिकांची थरथर म्हणू. लंडनच्या थॉमस लुइस यांनी १९०९ साली, तेव्हा नव्यानेच निघालेल्या हृदयालेखाच्या यंत्रावर, बेताल नाडीचे हे कारण दाखवून दिले.

पुष्कळांना या थरथरीने छातीत धडधडते, दम लागतो. काहींना तर काही जाणवतही नाही. मग भीती कशाची? भीती आहे ती साचलेल्या रक्ताची. वाहत्या ओढ्याला शेवाळ धरत नाही, डबक्याला धरते. डाव्या कर्णिकेला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी लटकलेली असते. कर्णिका आकुंचन पावेनाशी झाली की त्या पिशवीत रक्त रेंगाळते आणि त्याची गुठळी होते. ही गुठळी सुटून निघाली आणि मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत जाऊन अडकली, की सकाळी चहाची कपबशी उचलायला पुढे केलेला हात उचलतच नाही, तोंड वाकडे होते, शब्द फुटत नाही. आपण त्याला अर्धांगवायू म्हणतो, पक्षाघात म्हणतो, लकवा म्हणतो.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचे एक गाव आहे. तिथल्या हजारो रहिवाशांची प्रकृती वर्षानुवर्षे नोंदून ठेवण्याचा उपक्रम १९४८ पासून चालू झाला. त्या नोंदींवरून १९७८ साली असे दिसले, की कर्णिकांची थरथर असणाऱ्याला पक्षाघात होण्याचा धोका इतरांच्या पाचपटींहून अधिक असतो. आणि लहानपणच्या संधिज्वराने झडप खराब झालेली असून शिवाय ही थरथर असेल, तर तो सतरापटींहून अधिक. हा दुसरा आकडा जरा ध्यानात असू द्या. त्याचे काम पुढे पडणार आहे.

आता मी काही वैद्यकाचा माणूस नव्हे. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. अनुमान कसे करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कसे करू नये, हे मुलांना सांगणे हा माझा व्यवसाय. आणि म्हणूनच कॅनडातल्या एका हृद्रोगतज्ज्ञाचे काम मला तुमच्यापुढे मांडावेसे वाटते. त्यांचे नाव स्टुअर्ट कॉनोली. ऑन्टारियो प्रांतातल्या हॅमिल्टन शहरी मॅकमास्टर विद्यापीठ आहे, तिथे ते प्राध्यापक. त्यांनी कोणते नवे औषध शोधून काढले नाही, शस्त्रक्रियेची नवी तऱ्हाही बसवली नाही. मग तीस-पस्तीस वर्षे त्यांनी केले तरी काय? तर मोजले. कोणत्या माणसाला कोणती गोळी दिल्याने किती पक्षाघात टळतात आणि त्यापायी किती रक्तस्राव होतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो रुग्णांत मोजले. ऐकायला हे काम कारकुनी वाटेल. तसे ते नाही, हे पुढे दिसेलच.

गुठळी होऊ नये म्हणून जी गोळी देतात तिला लोक ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात. रक्त काही पातळ होत नाही. त्याची गोठण्याची क्रिया तेवढी मंदावते. यांतली सर्वांत जुनी प्रसिद्ध गोळी म्हणजे वॉर्फरिन, आणि तिची जन्मकथा ऐकण्याजोगी आहे. १९२० नंतरच्या काळात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरांना एक विलक्षण रोग झाला. शिंगे कापावीत, खच्ची करावे, आणि रक्त थांबूच नये. जनावर मरूनच जायचे. ऑन्टारियोतल्याच फ्रँक स्कोफील्ड नावाच्या पशुवैद्याने कारण शोधले: गोड क्लोव्हर नावाच्या चाऱ्याला बुरशी लागली होती आणि तो कुजका चारा गुरांच्या पोटात जात होता. पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्या चाऱ्यातले विष वेगळे काढण्यात आले. त्याच जातीचा एक पदार्थ १९४८ साली बाजारात आला, आणि तो कशासाठी म्हणाल, तर उंदीर मारण्यासाठी! तेच वॉर्फरिन. काही वर्षांतच ते माणसांना औषध म्हणून देऊ लागले; अध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५ साली हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही देण्यात आले होते.

उंदराचे विष माणसाला औषध व्हावे यात नवल नाही; मात्रेचा सारा खेळ. पण ही मात्राच तर मोठी अवघड. गोळी कमी पडली तर गुठळी होते, जास्त झाली तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव होतो. शिवाय ती ‘के’ जीवनसत्त्वाच्या आड येऊन काम करते, आणि ते जीवनसत्त्व पालेभाज्यांत भरपूर असते. आठवडाभर पालक, मेथी, अळू खाल्ले तर गोळीचा जोर उतरतो. म्हणून दर काही दिवसांनी रक्त तपासायचे, त्यातून आयएनआर नावाचा एक आकडा काढायचा आणि तो दोन ते तीनच्या दरम्यान ठेवायचा. आपल्याकडे वॉर्फरिनऐवजी पुष्कळदा तिची बहीण असिनोकुमारॉल देतात. जातकुळी तीच, पथ्यही तेच.

तर पहिला प्रश्न असा: ज्यांच्या झडपा ठीक आहेत पण कर्णिका थरथरतात, अशांना ही धोक्याची गोळी द्यावी का? पक्षाघात टळतील, पण रक्तस्रावाने माणसे गेली तर? विचार करून याचे उत्तर निघत नाही, कितीही हुशार माणूस विचाराला बसला तरी. कॉनोलींनी कॅनडात ३७८ रुग्ण घेतले. निम्म्यांना वॉर्फरिन, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. आणि कोणाला काय, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवले. चिठ्ठ्याच का? कारण डॉक्टरने निवड केली तर तो नकळत धट्टाकट्ट्यांना एक औषध देईल आणि अशक्तांना दुसरे, आणि मग गुण औषधाचा की प्रकृतीचा हे कधीच कळायचे नाही. हा प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला, पण तो पूर्ण झालाच नाही. तोवर डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या प्रयोगांतून वॉर्फरिनचा गुण दिसून आला होता. मग आपल्या अर्ध्या रुग्णांना खोटी गोळी देत राहायची कशी? प्रयोग थांबवण्यात आला. तेव्हापासूनच्या अशा प्रयोगांचा मेळ घातला तर वॉर्फरिनने सुमारे दोन-तृतीयांश पक्षाघात टळतात असे निघते.

काम झाले म्हणावे, तर तसे झाले नाही. कारण गोळी चांगली असणे निराळे आणि माणसाने ती वर्षानुवर्षे नीट घेणे निराळे. दर महिन्याची तपासणी, खाण्यापिण्याचे निर्बंध, रक्तस्रावाची धास्ती. पुष्कळ रुग्ण ती सोडत, पुष्कळ डॉक्टर लिहूनच देत नसत. मग सोपा मार्ग म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्यांची जोडी पुढे आली. तिला तपासणी नको, पथ्य नको. कॉनोलींच्या गटाने ६,७०६ रुग्णांत ती वॉर्फरिनच्या जातीच्या औषधांशी ताडून पाहिली. २००६ साली निकाल आला: जोडी हरली, आणि इतकी स्पष्ट हरली की प्रयोग मधेच आवरावा लागला. पण वॉर्फरिन ज्यांना देताच येत नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी दुसरा प्रयोग, ७,५५४ रुग्णांचा. नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर वर्षाला शंभरात ३.३ पक्षाघात होत होते, जोडीवर २.४ झाले. छान. पण मोठा रक्तस्राव १.३ वरून २.० वर गेला. तराजूचे एक पारडे वर गेले की दुसरे खाली येणारच. कॉनोलींच्या साऱ्या कामात हा तराजू सारखा दिसतो.

यानंतर आला तो प्रयोग ज्याने त्यांचे नाव जगभर झाले. डॅबिगॅट्रान नावाची नवी गोळी निघाली होती. ती गोठण्याच्या साखळीतली एकच कडी अडवते. पालेभाजीशी तिचे वैर नाही आणि दरमहा रक्त तपासावे लागत नाही. री-लाय नावाच्या प्रयोगात ४४ देशांतले १८,११३ रुग्ण घेतले गेले. सूत्रे हॅमिल्टनच्या पॉप्युलेशन हेल्थ रिसर्च इन्स्टिट्यूटमधून हलत होती. या संस्थेचे संस्थापक सलीम युसुफ मूळचे केरळचे, बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. तेही या प्रयोगाच्या प्रमुखांपैकी एक. निकाल २००९ साली आला. पक्षाघात होणे किंवा शरीरात अन्यत्र गुठळी अडकणे, असे वर्षाला वॉर्फरिनवर शंभरात १.६९ जणांना झाले, नव्या गोळीच्या मोठ्या मात्रेवर १.११ जणांना.

“एवढाच फरक?” असे कोणी म्हणेल. शंभरात अर्ध्या माणसाचा फरक, आणि त्यासाठी अठरा हजार लोक! पण हेच तर समजून घेण्यासारखे आहे. हजार माणसे वर्षभर गोळी घेत राहिली तर जुन्या गोळीवर सतराजणांना हा आघात होणार, नव्या गोळीवर अकराजणांना. म्हणजे हजारांत सहा घरे वाचली. आता एखादा अनुभवी डॉक्टर आपल्याच दवाखान्यातले शंभर रुग्ण घेऊन बसला, तर त्याला एकीकडे एखादा दिसेल, दुसरीकडे दोन दिसतील. पुढच्या वर्षी नेमके उलटे दिसेल. तो प्रामाणिकपणे सांगेल, की दोन्ही गोळ्या सारख्याच. त्याच्या अनुभवाला दोष देता येत नाही. हा फरक एका माणसाच्या अनुभवात मावतच नाही. तो दिसायला चव्वेचाळीस देशांचा अनुभव एकत्र करावा लागतो. “माझा वीस वर्षांचा अनुभव सांगतो” हे वाक्य आपण फार आदराने ऐकतो. ऐकावे. पण वीस वर्षांच्या अनुभवाला सुद्धा अशा ठिकाणी डोळे नसतात.

याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मला याहूनही मोठी वाटते. रक्त न गोठण्याच्या औषधाची सगळ्यांत भीषण शिक्षा म्हणजे मेंदूतला रक्तस्राव. रक्तस्रावाने होणारा पक्षाघात वॉर्फरिनवर वर्षाला शंभरात ०.३८ जणांना झाला, आणि नव्या गोळीच्या मोठ्या मात्रेवर ०.१०. जवळजवळ चौथाईवर. म्हणजे या एका जागी तराजूची दोन्ही पारडी रुग्णाच्या बाजूने झुकली. फुकट मात्र काही मिळत नाही: मोठ्या मात्रेवर आतड्यातून रक्त जाण्याचे प्रमाण वॉर्फरिनपेक्षा अधिक निघाले आणि पोटाच्या तक्रारीही वाढल्या.

मग २०११ साली आणखी एक निकाल आला, आणि तो घरोघरी पोचायला हवा होता. वॉर्फरिन ज्यांना चालत नाही अशा ५,५९९ रुग्णांत अपिक्साबॅन ही दुसरी एक नवी गोळी आणि आपले जुने अ‍ॅस्पिरिन यांची तुलना केली होती. अ‍ॅस्पिरिनवर वर्षाला शंभरात ३.७ आघात, अपिक्साबॅनवर १.६. आणि मोठा रक्तस्राव? १.२ आणि १.४, म्हणण्यासारखा फरक नाही. अ‍ॅस्पिरिन सौम्य, बिनधोक, म्हणून या विकारात म्हाताऱ्या माणसांना तेच देत राहण्याची रीत होती. ती सौम्यही नव्हती आणि पुरेशी तर नव्हतीच. (ऐकणाऱ्यांनी कृपा करून यावरून आपली अ‍ॅस्पिरिनची गोळी परस्पर बंद करू नये. अ‍ॅस्पिरिन इतर पुष्कळ कारणांसाठी देतात. मी बोलतो आहे ते कर्णिकांच्या थरथरीपुरते.)

इथपर्यंत ही विजयाची कहाणी झाली. माझ्या वर्गात मी सांगतो ती यानंतरची.

ड्रोनेडारोन नावाचे एक औषध आहे. ते रक्तासाठी नव्हे, हृदयाची लय सांभाळण्यासाठी. २००९ साली ४,६२८ रुग्णांच्या एका प्रयोगात, ज्याच्या कर्त्यांत कॉनोलीही होते, असे दिसले, की ज्यांची थरथर येते आणि जाते त्यांना या औषधाचा फायदा होतो. हृदयाच्या कारणाने रुग्णालयात जाण्याचे प्रसंग कमी होतात. शिवाय त्याच आकडेवारीत पक्षाघातही कमी झालेले दिसले. आता अनुमान करा. येऊन-जाऊन थरथरणाऱ्या हृदयाला जे औषध मानवते, ते कायमच्या थरथरणाऱ्या हृदयाला अधिकच मानवेल, नाही का? रोग तोच, औषध तेच, आणि गरज तर जास्तच. परीक्षेत कोणीही हे उत्तर लिहिले तर मी गुण दिले असते. कॉनोलींच्या नेतृत्वाखाली पॅलस हा प्रयोग सुरू झाला, ३,२३६ रुग्ण घेऊन, आणि २०११ साली तो घाईघाईने थांबवावा लागला. औषध घेणाऱ्यांत २३ पक्षाघात, न घेणाऱ्यांत १०. हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू, २१ आणि १०. जे औषध एका गटाला वाचवत होते तेच शेजारच्या गटाला मारत होते.

प्रयोग केलाच नसता तर काय झाले असते? डॉक्टरांनी ते औषध चांगल्या हेतूने, चांगल्या अनुमानावर भरवसा ठेवून दिले असते, आणि वर्षाला शंभरात एखाद-दुसरे जादा माणूस गेले असते. कोणाच्या लक्षातही आले नसते. म्हातारे माणूस, हृदय आधीच दुबळे. गेले, म्हणून सोडून दिले असते.

असाच प्रकार धातूच्या झडपांत झाला. ज्यांच्या हृदयात यांत्रिक झडप बसवली आहे त्यांनाही डॅबिगॅट्रान चालेल, असे वाटणे स्वाभाविक होते. हॅमिल्टनच्याच गटाने ते तपासले, आणि २०१३ साली अवघ्या अडीचशे रुग्णांनंतर प्रयोग आटोपता घेतला. नव्या गोळीवर गुठळ्याही अधिक आणि रक्तस्रावही अधिक.

इथे एक शंका कोणाच्याही मनात येईल, आणि ती यावी. हे प्रयोग बहुतेक औषध कंपन्यांच्या पैशांवर चालतात. मग ते खरे कशावरून? शंका रास्त आहे, आणि मला वाटते ती सोडूही नये. पण ज्या प्रयोगाचा निकाल पैसे देणाऱ्याच्या तोंडावर येऊन आदळतो आणि तरी जसाच्या तसा छापला जातो, त्याला निदान त्या एका कसोटीत उतरलेला म्हणायला हरकत नाही. पॅलसचा निकाल तसा होता. ज्याच्याकडे आता वळायचे तोही तसाच आहे.

त्याआधी एक छोटी गोष्ट. नव्या गोळ्यांवर असताना रक्तस्राव झाला तर उतारा काय? अपिक्साबॅनसारख्या गोळ्यांवर अँडेक्सानेट नावाचा एक उतारा निघाला, आणि त्याचीही तपासणी कॉनोलींनीच केली. २०२४ साली मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांतला निकाल आला. उताऱ्याने रक्तस्राव अधिक जणांत आटोक्यात आला, शंभरात ५३ ऐवजी ६७ जणांत. आणि गुठळीचे अपघात? शंभरात ५.६ चे १०.३ झाले. पुन्हा तोच तराजू.

आता तो सतरापटीचा आकडा आठवा. संधिज्वर, ज्याला डॉक्टर रुमॅटिक ताप म्हणतात, तो दाटीवाटीच्या वस्तीतला रोग. लहान मुलाचा घसा दुखतो, एका विशिष्ट जंतूची लागण असते. ती पेनिसिलिनने वेळीच घालवली नाही तर शरीराची संरक्षक फौज जंतूंबरोबर आपल्याच हृदयाच्या झडपांवर हल्ला चढवते. ताप जातो, सांधे सुटतात, सारे विसरून जातात; आणि पंधरा-वीस वर्षांनी झडप अरुंद होते, डावी कर्णिका फुगते आणि थरथरू लागते. श्रीमंत देशांतून हा रोग जवळजवळ गेला आहे. आपल्याकडे आणि आफ्रिकेत तो आहे, आणि त्याचे रुग्ण म्हातारे नसतात. ऐन संसारातल्या बायका त्यांत फार.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई त्यांतलीच. महिन्यातून एकदा एसटीने जिल्ह्याच्या गावी जायचे, रक्त द्यायचे, आकडा येईपर्यंत थांबायचे, आणि मजुरीचा दिवस बुडवून परत यायचे. मुलाने मला विचारले, “सर, आता नवीन गोळी निघालीय म्हणतात, तपासणी लागत नाही. मग आईला का देत नाहीत?”

प्रश्न अगदी बरोबर होता. नव्या गोळ्यांच्या मोठ्या प्रयोगांतून अरुंद झडपेचे हे रुग्ण वगळलेलेच होते. त्यांना वॉर्फरिनच द्यावे असा रिवाज होता, पण तो रिवाजच. त्याला मोठ्या प्रयोगाचा आधार नव्हता. आणि तर्क तर साराच नव्या गोळीच्या बाजूचा. जिथे प्रयोगशाळा दूर, पैसा थोडा, तपासणी अनियमित, तिथे तपासणी न लागणारी गोळी जास्तच उपयोगी पडावी. कॉनोली, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे गणेशन कार्तिकेयन आणि केपटाऊनचे एन्त्सेखे यांनी मिळून हा प्रश्न हाती घेतला. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले २४ देश, साडेचार हजारांवर रुग्ण. सरासरी वय पन्नास, आणि शंभरात बहात्तर स्त्रिया. निम्म्यांना रिव्हारोक्साबॅन ही नवी गोळी, निम्म्यांना वॉर्फरिनच्या जातीची. पैसा बायर कंपनीचा, म्हणजे नवी गोळी बनवणाऱ्यांचाच. प्रयोगाचे नाव इन्व्हिक्टस. नवी गोळी निदान जुनीच्या बरोबरीची आहे एवढे दाखवावे, असा मूळ बेत होता.

२०२२ साली निकाल आला. पक्षाघात, अन्यत्र अडकलेली गुठळी, हृदयविकाराचा झटका किंवा अशा कारणांनी मृत्यू, हे सर्व धरून नव्या गोळीच्या गटात २,२७५ पैकी ५६० जणांना काही ना काही झाले. जुन्या गोळीच्या गटात २,२५६ पैकी ४४६. उंदराच्या औषधाने जिंकले! मृत्यूही जुन्या गोळीवर कमी झाले, आणि रक्तस्राव जास्त झाला असेही नाही.

का, याचे पुरते उत्तर अजून सापडलेले नाही. मृत्यूंतला फरक मुख्यतः गुठळीमुळे दिसत नाही. अचानक मृत्यू आणि हृदयाचा पंप थकून आलेला मृत्यू यांतच तो अधिक आहे. काही जण म्हणतात, की जुन्या गोळीचे रुग्ण तपासणीसाठी वारंवार येत होते. त्या निमित्ताने डॉक्टर त्यांना पाहत, पायाची सूज, वाढलेला दम नजरेला पडत असे. काही जणांना हे पटत नाही. मला पहिले म्हणणे खरे असावे असे वाटते, पण माझ्या वाटण्याला या प्रांतात किंमत किती, हे वर सांगूनच झाले आहे.

अर्थात वॉर्फरिन जिंकले म्हणून ते निर्दोष झाले नाही. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत ते गर्भाला बाधते, आणि ज्या रोगात तरुण स्त्रियाच फार त्या रोगात ही अडचण लहान नव्हे. दिवस राहिल्याची शंका आली की डॉक्टरला लगेच सांगायला हवे, हे रुग्णाच्या घरी माहीत असायलाच पाहिजे.

त्या निकालात आणखी एक आकडा आहे, त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्रयोगात दाखल झाली तेव्हा जुन्या गोळीच्या गटातल्या दर तिघांत एकाचेच रक्त दोन ते तीनच्या मर्यादेत होते. प्रयोग चालू असताना हे प्रमाण शंभरात ५६ ते ६५ पर्यंत चढले. माणसे तीच, गोळी तीच. फरक पडला तो वेळच्या वेळी बोलावल्याने, रक्त तपासल्याने आणि मात्रा बदलून दिल्याने. तपासणीचा खर्च आणि एसटीचे भाडे, एवढ्यावर अडणारी ही गोष्ट. बोटाच्या टोकावरच्या रक्ताच्या थेंबावरून हा आकडा सांगणारी हातात मावतील एवढी यंत्रे निघालेली आहेत. ती तालुक्याच्या दवाखान्यात असली, तर त्या बाईंचा जिल्ह्याच्या गावाला जाण्याचा दिवस वाचेल.

त्या मुलाला मी नव्या गोळीचे हे सगळे सांगितले. मग म्हटले, आईच्या वहीत मागच्या सहा तपासण्यांचे आकडे असतील. त्यांतले दोनच्या खाली किती वेळा गेलेत आणि तीनच्या वर किती वेळा, ते काढ, आणि पुढच्या खेपेला तो कागद घेऊन तू स्वतः डॉक्टरांकडे जा.